हसतील त्यांचे दात दिसतील



आपल्या शाळेत जिन्याशेजारी वार्ताफलक आहे, हे तुम्हांस सांगावयास नको. रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी एक विद्यार्थी वर्तमानपत्रातील चार-दोन ठळक बातम्या त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहितो. मधल्या सुट्टीपर्यंत त्या बातम्यांखाली खडूने आणखी काही मजकूर उमटलेला दिसतो. तो कोण लिहितो हे मला ठाऊक नाही आणि शोधून काढण्याची इच्छाही नाही. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. क्रीडावार्तेखाली शाबासकी असते, राजकारणाच्या वार्तेखाली बहुधा काहीच नसते, आणि विज्ञानाच्या वार्तेखाली हमखास कुचेष्टा असते. २०२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी फलकावर बातमी होती : ‘चांद्रयान-३ चे इंजिन प्रज्वलित, यान पृथ्वीची कक्षा सोडून चंद्राच्या मार्गाला लागले.’ खाली कोणीतरी लिहिले होते, ‘आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा, चंद्रावरचे मागाहून पाहू!’ पावसाळ्याचे दिवस, रस्त्यांची दैना सर्वांच्या अनुभवाची. मलाही हसू आले.

त्याच दिवशी नववीच्या वर्गात एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, तिथे तर हवाच नाही. मग इंजिनाची ज्वाळा कशाला रेटणार? आणि यान पुढे कसे जाणार?” मी भाषा शिकवणारा मनुष्य, मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे सांगण्याऐवजी मी म्हणालो, “अगं, शास्त्रज्ञांनी हवेची पोती भरून नेली असतील बरोबर!” सारा वर्ग खदखदून हसला. ती मुलगी खाली बसली. माझी कोटी साधली, ह्या आनंदात मी धडा पुढे चालू केला. पुढे कित्येक दिवस त्या मुलीचा हात वर झाला नाही, हे लक्षात यावयास मला वेळ लागला. ते लक्षात आल्यावर मी प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो आणि शोधता शोधता जे हाती आले, तेच आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वूस्टर नावाचे शहर आहे. तेथील क्लार्क विद्यापीठात रॉबर्ट गॉडर्ड नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणे कशी पोहोचवावीत, ह्या विषयावर त्यांनी एक शास्त्रीय निबंध लिहिला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने तो प्रसिद्ध केला. निबंध बव्हंशी गणिताचा व प्रयोगांचा होता. अखेरीस मात्र एक कल्पना मांडलेली होती : पुरेसा शक्तिमान अग्निबाण बनवला, तर तो चंद्रावर जाऊन आदळू शकेल आणि त्यात भडकणारी भुकटी भरली, तर चंद्राच्या अंधाऱ्या भागावर उमटलेला तिचा लखलखाट दुर्बिणीतून दिसू शकेल. १९२० च्या जानेवारीत ही हकीकत वर्तमानपत्रांच्या हाती लागली. गणित बाजूला राहिले, प्रयोग बाजूला राहिले आणि ‘चंद्रावर जाणारा अग्निबाण’ तेवढा मथळ्यात आला.

१३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ह्या प्रतिष्ठित पत्राने संपादकीय पानावर ह्या कल्पनेची यथेच्छ थट्टा केली. अग्निबाण वातावरणाबाहेर गेल्यावर त्याच्या ज्वाळेला रेटण्यासाठी काहीच उरणार नाही, मग तो पुढे सरकणार कसा, असा त्यांचा आक्षेप होता. एवढ्यावरच न थांबता, माध्यमिक शाळेतील मुलांना रोज जे ज्ञान पाजले जाते तेवढेही ह्या प्राध्यापकाजवळ दिसत नाही, असा शेराही मारला होता.

मित्रहो, हे वाचून मी चपापलो. त्या जगप्रसिद्ध पत्राचा आक्षेप आणि आपल्या वर्गातील मुलीचा प्रश्न शब्दशः एकच होता! फरक एवढाच, की तिने तो विचारला होता आणि त्यांनी तो ठणकावून सांगितला होता. तिच्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते, त्यांच्या वाक्याच्या शेवटी हास्य होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अग्निबाण हवेला रेटून पुढे जातो, असे आपल्याला का वाटते? कारण आपला रोजचा अनुभव तसाच आहे. आपण चालताना पाय जमिनीला मागे रेटतात, नावाडी वल्ह्याने पाणी मागे रेटतो, विमानाचा पंखा हवा मागे लोटतो. तेव्हा अग्निबाणही काहीतरी मागे रेटीत असलाच पाहिजे, असा तर्क आपण करतो. तर्क बरोबर आहे. मात्र तो ‘काहीतरी’ बाहेर शोधतो, ही त्यातील चूक. अग्निबाण जे मागे रेटतो ते तो स्वतःच बरोबर घेऊन निघालेला असतो. इंधन जळून जो तप्त वायू होतो, तोच तो प्रचंड वेगाने मागे फेकतो. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात गतीचा तिसरा नियम सांगितला, तो असा, की प्रत्येक क्रियेला तेवढीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. अग्निबाण वायूला मागे ढकलतो, वायू अग्निबाणाला पुढे ढकलतो. हा व्यवहार दोघांतच पुरा होतो. तिसऱ्याची, म्हणजे हवेची, त्यात गरज नाही.

आपल्या नदीकाठच्या मुलांना हे अधिक सोपे जाईल. होडी धक्क्याजवळ आली, की उतावीळ मुलगा उडी मारून उतरतो आणि होडी मागे सरकते. त्याचा पाय पाण्याला लागलेला नसतो. त्याने होडीलाच मागे लोटलेले असते. आता असे समजा, की होडीत नारळांची रास आहे आणि वल्हे हरवले आहे. होडीत बसून एकेक नारळ जोराने मागच्या बाजूला फेकीत राहिलात, तर होडी हळूहळू पुढे सरकू लागेल. नारळ पुढे कोठे पडतो, कशावर आपटतो, ह्याच्याशी होडीला कर्तव्य नाही. तो हातातून सुटतानाच धक्का देऊन गेलेला असतो. अग्निबाण म्हणजे अशीच होडी, आणि तप्त वायूचे कण म्हणजे तिच्यातले नारळ. हवा तर उलट अडथळाच करते. निर्वातात अग्निबाण अधिक चांगला चालतो. राहिला जळण्याचा प्रश्न. हवेवाचून अग्नी पेटत नाही हे खरे. म्हणून अग्निबाण इंधनाबरोबर प्राणवायूचा साठाही वाहून नेतो. मी ‘हवेची पोती’ म्हणून ज्याची टिंगल केली, त्यात नकळत थोडेसे सत्य होते तर! परंतु नकळत बोललेल्या सत्याचे श्रेय कोणी घेऊ नये.

विशेष खेदाची गोष्ट ही, की ह्या आक्षेपाचे उत्तर गॉडर्ड यांनी आधीच देऊन ठेवले होते. हवा काढून टाकलेल्या नळीत त्यांनी प्रयोग केले होते. तेथे धक्का कमी न भरता अधिकच भरला होता. हे प्रयोग त्याच निबंधात छापलेले होते. थट्टा करणाऱ्याने निबंध नीट वाचला असता, तर लेखणी आपोआप थांबली असती. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण जिभेप्रमाणे लेखणीलाही लागू पडते.

गॉडर्ड पुढेही काम करीत राहिले. १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथील एका शेतात त्यांनी द्रव इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण उडवला. पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू हे त्याचे खाद्य. तो अडीच सेकंद उडाला, ४१ फूट उंच गेला आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडला. १९२९ साली दुसऱ्या एका प्रयोगाचा एवढा धडाका झाला, की शेजाऱ्यांनी विमान कोसळले असे समजून धावाधाव केली. तेव्हा स्थानिक पत्राने चंद्राचे अंतर मोजून, हा अग्निबाण सुमारे २ लाख ३८ हजार मैलांनी नेम चुकला, असा मथळा दिला. ह्या उपहासाने गॉडर्ड मुळातच अबोल होते ते अधिक अबोल झाले, लोकांपासून आपले काम झाकून ठेवू लागले आणि पुढे न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या ओसाड माळावर जाऊन प्रयोग करू लागले. १० ऑगस्ट १९४५ रोजी त्यांचा अंत झाला. चंद्र तेव्हाही तेवढाच दूर होता.

१६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ तीन मानवांना घेऊन चंद्राकडे निघाले. दुसऱ्या दिवशी, १७ जुलै रोजी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक छोटीशी दुरुस्ती छापली. अग्निबाण वातावरणात चालतो तसाच निर्वातातही चालतो हे आता निश्चित झाले आहे आणि झालेल्या चुकीबद्दल पत्राला खेद वाटतो, असा तिचा आशय होता. चूक झाल्यापासून ४९ वर्षांनी आणि ज्याची थट्टा केली त्याच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनी ही दुरुस्ती आली. तरीही ती आली, ह्याबद्दल त्या पत्राला मान दिला पाहिजे. थट्टा करणारे पुष्कळ असतात. चूक कबूल करून ती छापणारे थोडे.

असे प्रकार अनेक झाले आहेत. १९०३ च्या ऑक्टोबर महिन्यात लँगली ह्या विद्वानाचे विमान उडवताच पोटोमॅक नदीत पडले. त्यावर ९ ऑक्टोबर रोजी ह्याच पत्राने लिहिले, की माणसाला उडणारे यंत्र बनवायला दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील. अवघ्या ६९ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, सायकलींचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंचे विमान १२ सेकंद हवेत राहिले व १२० फूट गेले.

त्याहूनही जुनी गोष्ट देवीच्या लसीची आहे. गाईच्या देवीची लस टोचली, तर माणसाला देवी येत नाहीत, हे जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडात दाखवले. १२ जून १८०२ ही तारीख छापलेले गिलरे ह्या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराचे एक चित्र लंडनमध्ये निघाले. त्यात लस टोचून घेतलेल्या लोकांच्या दंडांतून, तोंडांतून, नाकांतून लहान लहान गाई बाहेर पडताना दाखवल्या आहेत. योगायोग पाहा. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला बसऱ्याहून आलेली लस टोचण्यात आली. भारतातील ते पहिले लसीकरण. तिच्या अंगातून गाय निघाली नाही. दंडावर एक फोड आला आणि त्या फोडातील लस पुढे इतरांना टोचण्यात आली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावरील तो गोल व्रण एकदा आठवणीने पाहा.

कोणी म्हणेल, तर मग विज्ञानाच्या नावाने जे जे छापून येईल ते ते मान डोलावून खरे मानावे काय? मुळीच नाही. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ ह्या पत्राने, चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसली, अशी लेखमाला छापली आणि असंख्य वाचकांनी ती खरी मानली. तेथे हसणारे शहाणे ठरले. १९०३ साली फ्रान्समधील ब्लाँड्लो ह्या नामवंत शास्त्रज्ञाने ‘एन्-किरण’ सापडल्याचे जाहीर केले आणि अनेकांना ते दिसूही लागले. अमेरिकेचे वुड १९०४ साली त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातील लोलक गुपचूप काढून घेतला. तरीही निरीक्षकांना किरण ‘दिसत’च राहिले! किरण नव्हतेच, होती ती केवळ दिसावेत अशी इच्छा. आपल्याकडेही ‘वैमानिक शास्त्र’ ह्या ग्रंथातील विमानांविषयी पुष्कळ बोलले जाते. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच विद्वानांनी तो ग्रंथ घेऊन त्यातील आकृत्या व वर्णने तपासली आणि ती विमाने उडणे शक्य नाही, हे दाखवून दिले. ते हसले नाहीत आणि त्यांनी हातही जोडले नाहीत, त्यांनी तपासले. माझ्या मते हाच मार्ग खरा. अविश्वास दाखवणे हा विज्ञानाचा प्राण आहे. परंतु अविश्वासाला श्रम पडतात, उपहासाला पडत नाहीत. वुड आगगाडीत बसून प्रयोगशाळेपर्यंत गेले. टाइम्सचा लेखक खुर्चीतून उठलाही नाही.

मग माणसे हसतात तरी का? मला तीन कारणे दिसतात. पहिले, न समजलेली गोष्ट समोर आली, की मनाला कमीपणा वाटतो आणि हसून तो झाकता येतो. माझे नेमके हेच झाले. दुसरे, बातमी देणाराही पुष्कळदा अतिशयोक्ती करतो. लहान प्रयोगाचा मोठा मथळा होतो आणि असे मथळे वाचून वाचून वाचक विटतो. तिसरे, हास्य सांसर्गिक आहे. आमच्या घरी कोकणी बोलतात. थट्टामस्करीला तेथे ‘फकाणां’ म्हणतात. एकाने फकाण मारले, की दुसऱ्याला गप्प राहवत नाही.

आपल्या देशाच्या वाट्यालाही हे आले आहे. १९८१ साली ‘ॲपल’ हा भारतीय दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते पाहून आजही कित्येक जण हसतात. वस्तुतः उपग्रहाच्या रेडिओ-आकाशकाची चाचणी घ्यावयाची होती आणि भोवती धातू असल्यास रेडिओलहरींत बिघाड होतो. लाकडी बैलगाडी हे तेथे उत्तम व स्वस्त साधन होते. ज्याला आपण दारिद्र्याचे चिन्ह समजलो, ते युक्तीचे चिन्ह होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेले, तेव्हा त्याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत, गाय घेऊन आलेला भारतीय शेतकरी अवकाशसंशोधकांच्या श्रीमंत मंडळाचे दार ठोठावीत आहे, असे व्यंगचित्र आले. वाचकांनी निषेध केला आणि पत्राने क्षमा मागितली. ह्या वेळी ४९ वर्षे लागली नाहीत, काही दिवसच लागले. ही प्रगतीच म्हणावयाची!

आता आपल्या फलकावरील खड्ड्यांकडे येऊ. तो प्रश्न हास्यास्पद नाही. गरीब देशाने पैसा कशावर खर्च करावा, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. परंतु प्रश्न विचारला, तर उत्तरासाठी आकडेमोडही करावी. मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये आणि तेव्हाची लोकसंख्या सुमारे सव्वाशे कोटी. म्हणजे माणशी चार रुपयांहूनही कमी. तेवढ्यात किती खड्डे बुजतील आणि ते बुजत नाहीत ते पैशांअभावी की अन्य कारणाने, ह्याचा शोध त्या खडूवाल्या मित्राने अवश्य घ्यावा. उत्तर त्याच्या बाजूने निघाले, तरी मला आनंदच होईल. कारण मग ते फकाण राहणार नाही, मत होईल.

म्हणून माझी विनंती एवढीच, की बातमीखाली शेरा मारण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा : मी पूर्ण बातमी वाचली की नुसता मथळा? मला हे समजले आहे काय? आणि माझ्या हसण्याने कोणाचा प्रश्न तोंडातल्या तोंडात राहणार नाही ना? ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ असे आपल्याकडे म्हणतात, ते ज्याला हसतात त्याला धीर देण्यासाठी. गॉडर्ड यांच्यासारख्या प्रौढाला तो धीर पुरतो. चौदा वर्षांच्या मुलीला पुरेलच असे नाही.

२३ ऑगस्टच्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात एक दोरा, कागदाची नळी आणि फुगा घेऊन गेलो. प्रथम त्या मुलीची सर्वांदेखत क्षमा मागितली. मग नळीतून दोरा ओवून तो दोन भिंतींमध्ये ताणला, नळीला फुगा चिकटवला आणि त्याचे तोंड सोडले. फुगा सूं करून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मुलांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या थांबल्यावर तिचा हात वर झाला.

“पण सर, इथे हवा आहेच की! फुगा हवेलाच रेटून गेला नाही कशावरून?”

ह्या वेळी कोणी हसले नाही. तिचा आक्षेप बिनतोड होता. माझ्या प्रयोगाने काहीच सिद्ध झाले नव्हते. मी तिला गॉडर्ड यांची हकीकत सांगितली. त्यांनी हवा काढलेल्या काचपात्रात पिस्तूल बसवले, त्यातून बिनगोळीचा बार काढला आणि पिस्तूल मागे उसळलेले विद्यार्थ्यांना दाखवले. ती क्षणभर विचार करून म्हणाली, “मग ठीक आहे.”

न्यूयॉर्कच्या त्या पत्राला दुरुस्तीसाठी ४९ वर्षे लागली. मला तीन आठवडे लागले. आणि शिक्षकाच्या बाबतीत तेही फारच झाले.